काडीवाल्याची चाल आणि मोहाचा हंगाम

सकाळी भावाचा फोन आला. दिवाकर माझा धाकटा भाऊ. मुलचेऱ्याकडं जंगलाच्या कडेला आमचं माहेर आहे, तिथं तो आणि भावजय शकुन धान पिकवतात. हा माणूस फोनवर कशी आहेस, जेवलीस का, असलं काही विचारत नाही. आजही सरळ म्हणाला, "बाई, मोह टपकून राह्यला." आणि ठेवला फोन.

मला तेवढं पुरतं. चंद्रपूरला आमच्या गल्लीत मोहाचं झाड नाही. तापलेला डांबरी रस्ता आहे आणि कोळशाची बारीक काळी धूळ आहे, ती रोज सकाळी ओट्यावरून पुसावी लागते. तरी त्या एका वाक्यानं माझ्या नाकात तो वास शिरलाच. गोड, जड, थोडासा आंबूस, डोक्याला हलकी गुंगी आणणारा. हातात पुसणं तसंच धरून मी उभी राहिले. समोरच्या खोलीत आमचे हे डोळे मिटून बसले होते. टेबलावर ती काळी डबी, तिला जोडलेले दोन स्पीकर, आणि कुठल्या तरी थंड देशातली शंभरेक माणसं एका दमात व्हायोलिनवर गज ओढत होती.

मोह आणि ही सिंफनी माझ्या डोक्यात एकाच फडक्यात बांधलेली आहेत. गाठ सोडली की दोन्ही बाहेर पडतात. तुम्ही म्हणाल, बाई, मोहाचा आणि त्या साहेबी बाजाचा काय संबंध. तसा काही नाही. एका हंगामानं तो जोडून दिला. तोच सांगायला बसले आहे, पण मी सरळ रस्त्यानं जाणारी बाई नाही, वाटेत कोणी भेटलं तर थांबते, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

ह्यांचं बाजारात टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर उघडे रेडिओ. एकदा कोणा साहेबांचा टेप दुरुस्तीला आला. साहेबांची बदली झाली, टेप न्यायला कोणी आलंच नाही. ह्यांनी पुष्कळ वाट पाहिली, मग एक दिवस आत गुंतलेली कॅसेट सोडवली, पेन्सिलीनं गुंडाळली आणि लावून पाहिली. त्या दिवशी घरी आले ते ताटावर बसेचनात. "अवं मंजूची माय, एक चीज ऐक," म्हणाले. मंजू आमची एकुलती एक पोर, तेव्हा पाळण्यात होती. मी ऐकलं. मला वाटलं एका लग्नात चार गावचे बँडवाले आले आहेत आणि कोणाचं कोणाशी पटत नाही.

"गानं कवा सुरू होते?" मी विचारलं.

"हेच गानं होय."

"मंग गानं म्हनून काऊन नाई राह्यले कोनी?"

ते हसले नाहीत. एवढे गंभीर मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिले नव्हते. म्हणाले, "म्हनाचं काम नाई पडत याच्यात." मला काही ते पटलं नाही. पण रोज संध्याकाळी भाकरी थापताना कानावर पडत गेलं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की भाकरी फिरवायची ती मी त्याच्या ठेक्यावर फिरवते आहे.

मग पुढं नागपूरच्या जुन्या बाजारात त्यांना त्याच सिंफनीची दुसरी कॅसेट मिळाली. मोठ्या हौसेनं आणली, लावली, आणि त्यांचं तोंड उतरलं. धून तीच, पण पळत होती. हा हाडाचा मेकॅनिक. त्याचा पहिला संशय मशीनवर. "मोटर फास्ट झाली," म्हणाले. टेप उघडला, मोटरीच्या भोकात बारीक पेचकस घालून दुसरी कॅसेट पहिलीसारखी चालू लागेपर्यंत स्क्रू फिरवत बसले. झाली दुरुस्ती, म्हणाले, आणि हात धुतले. संध्याकाळी शेजारच्या काकू त्यांची भजनाची कॅसेट घेऊन आल्या, कारण टेप गल्लीत आमच्याकडंच. लावली, तर गाणारी बाई अस्वलासारखी घोगरी होऊन बाहेर पडली. काकूंनी थोडा वेळ हात जोडून ऐकलं. मग म्हणाल्या, "काहो भाऊ, माह्या देवाले सर्दी झाली काय?"

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की मोटर बरोबर होती, कॅसेटही बरोबर होती, आणि वाजवणाऱ्यांनी ते वाजवलंच तसं होतं. त्या बाजात एक माणूस सगळ्यांसमोर काडी घेऊन उभा राहतो. स्वतः काही वाजवत नाही. तो काडी हलवेल तसे बाकीचे चालतात. आमच्या घरात त्याचं नाव काडीवाला पडलं ते आजतागायत. कागदावर लिहिलेलं सगळ्या काडीवाल्यांपुढं एकच, पण चाल ज्याची त्याची. आपल्याकडं गाण्यालाही चाल म्हणतात आणि माणसाच्या चालण्यालाही चालच म्हणतात, ते कोणी उगाच ठेवलेलं नाही. माझी आई अंगणात पाठमोरी बसून सूप पाखडायची आणि मागं न बघता सांगायची, "दिवाकर येऊन राह्यला." पायांच्या आवाजावरून. तसंच ह्यांचं झालं. दोन-चार सूर वाजले की सांगायचे, "हा घाईवाला होय," नाहीतर, "हा आपला पोट भरलेला."

कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, आणि त्या एका सिंफनीचे आमच्या घरात तीन काडीवाले झाले. पहिला घाईवाला. एस.टी. सुटते आहे, कंडक्टरनं घंटी मारली आहे आणि हा फाटकातून पिशवी घेऊन धावतो आहे, अशी त्याची तऱ्हा. दुसरा पोट भरलेला. त्याची चाल आठवडी बाजारातून परतणाऱ्या बैलगाडीची, ज्यात गाडीवान झोपलेला असतो आणि बैलांना घर माहीत असतं. तिसरा मधला. शाळामास्तरासारखा. कुठं चुकत नाही, आणि घरी गेल्यावर आठवतही नाही.

ह्यांचा जीव पुढं त्या घाईवाल्यावरच जडला. माझा दुसऱ्यावर. ह्यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पोरीच्या लग्नावरूनही झाली नाहीत.

"तुले झोप येते म्हनून तुले तो आवडते," ते म्हणायचे.

"अन् तुमाले गाडी पकडाची रायते काय कुठची?"

दुसरा भाग हा भांडणाचा मुख्य मुद्दा. सिंफनीला चार भाग असतात. त्यातला दुसरा खालच्या, जाड तारांवर सुरू होतो. कोणी तरी अंधारात पाय जपून टाकत येतं आहे असा. मग सनईच्या चुलतबहिणीसारखं एक वाद्य त्याला येऊन मिळतं. वर वर चढत तो भाग शेवटी एकट्या बारीक व्हायोलिनवर येतो, आणि ते व्हायोलिन पातळ होत होत, केसाएवढं होत, संपतं. नक्की कुठं संपलं ते सांगता येत नाही. घाईवाला ते व्हायोलिन झटकन सोडून देतो. माझा पोट भरलेला त्याला पार फाटकापर्यंत पोचवायला जातो.

आता त्या वर्षाकडं येते. मंजू लग्न होऊन हैदराबादला गेली होती. तिनं ही डबी पाठवली आणि डबीत ह्यांच्या तिन्ही काडीवाल्यांची नवी करून काढलेली रेकॉर्डिंगं भरून दिली. हाय-रेझोल्यूशन, असं ती म्हणाली. मला तिनं फोनवर समजावलं, "आई, कॅसेट म्हणजे आपली गहू चाळायची चाळणी समज, अन् हे म्हणजे मैद्याची." मला तेवढ्यात कळलं. मैद्याच्या चाळणीतून काय काय निघतं ते बाईमाणसाला सांगायला नको.

आणि खरंच निघालं. एवढी वर्षं ऐकलेल्या त्या सिंफनीत माणसं होती हे मला पहिल्यांदा कळलं. कोणाची खुर्ची करकरते. कोणी पान उलटतं. दुसरा भाग सुरू होण्याआधी सगळे मिळून श्वास घेतात, आणि तो श्वास ऐकू येतो. घाईवाला काडीवाला तर मधून मधून नाकातल्या नाकात गुणगुणतो, हे मी ऐकलं तेव्हा हातातली कणीक तशीच ठेवून बाहेर आले. म्हटलं, "अजी, तुमचा घाईवाला गाते हो." त्यांनी कान स्पीकरकडं केला. "कुठी?" म्हणाले. मी म्हटलं, "हे काय, आता गायला." त्यांनी मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग म्हणाले, "तुले भास होऊन राह्यला."

ती डबी त्यांना आवडलीच नाही. म्हणायचे, धुऊन धुऊन रंग उडवला आहे, वरची चमक गेली. एक दिवस त्यांनी मंजूला फोन लावला आणि तक्रार केली, की दुसऱ्या भागाचा शेवट कापला आहे, फाईल अपुरी आली.

"बाबा, फाईल पूर्ण आहे."

"नाई पोरी, व्हायोलिन मधातच तुटते. मी तीन वेळा पायलं."

मी बाजूलाच शेंगा सोलत बसले होते. व्हायोलिन तुटत नव्हतं. ते बटण दाबून बंद करायचे त्या क्षणी ते चांगलं चालू होतं, माझ्या कानाला ते आणखी पुष्कळ दूर जाताना दिसत होतं, हो, दिसतच होतं म्हणा. मी काही बोलले नाही. मी आणि काही न बोलणं, ह्यावरूनच तुम्ही काय ते समजा.

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट झाली. हे घाईवाल्याला सोडून माझ्या पोट भरलेल्याकडं आले. रोज तोच लावायचे. मला आधी वाटलं, जिंकले बाई एकदाची. शेजारी सांगूनही आले. मग हळूहळू लक्षात आलं की हे आवडीनं ऐकणं नव्हतं. मान पुढं काढून, कपाळाला आठ्या घालून, दोरा सुईत ओवायला बसल्यासारखे ते ऐकायचे. संथ चालीत सूर जरा जास्त वेळ हवेत राहतो. तेवढ्या वेळात तो त्यांच्या हाताला लागत असणार. घाईवाल्याचे सूर त्यांना गाठता येईनासे झाले होते.

अशा त्या फाल्गुनात दिवाकरचा फोन आला, आणि आम्ही दोघं मोह वेचायला माहेरी गेलो. गोंडपिपरीवरून आष्टीला जाताना वैनगंगा ओलांडली की मी खिडकीजवळची जागा सोडत नाही. पळस संपत आलेला असतो, सागाला पान नसतं, जंगल आरपार दिसतं, आणि त्या सगळ्या करड्या वाळलेल्या पसाऱ्यात मोह तेवढा मेणाच्या फुलांनी भरलेला.

मोह पहाटे टपकायला लागतो. अंधुक दिसायला लागलं की टोपल्या घेऊन आठ-दहा माणसांनी मिळून निघायचं. एकट्यानं नाही. अस्वलाला मोह आपल्यापेक्षा जास्त आवडतो, आणि दुसरा तो आहेच. जंगलात त्याचं नाव कोणी घेत नाही, नुसतं 'तो' म्हणतात, आणि कोणाला कोण म्हणून विचारावं लागत नाही. म्हणून आमच्याकडं मोह वेचण्याची एक रीत आहे. वेचताना बोलत राहायचं. मोठ्यानं, काहीही. सुनांची उणीदुणी, बाजारातले भाव, मागच्या वर्षीचं लग्न. म्हणजे त्याला कळतं की इथं माणसं आहेत, आणि तो आपल्या वाटेनं जातो. मधेच सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, थोडा वेळ कान द्यायचा, काही नाही असं वाटलं की पुन्हा सुरू. सगळी पहाट अशी चालते, बोलणं आणि थांबणं.

ह्या कामात माझी किंमत माहेरी फार मोठी आहे. दिवाकर म्हणतो, "बाई आली का ढोल न्याचं काम नाई." शकुन म्हणते, "बाईच्या बोलन्यानं तो पार तेलंगणात जाऊन बसते." हे माझ्या बाजूनं कधी बोलत नाहीत. ते म्हणाले होते, "तुमी तिले घेऊन जंगलात जाता, मी तिच्यासंगं घरात रायतो."

त्या दिवशी सगळं रोजच्यासारखंच होतं. गार हवा, झाडाखाली झाडून साफ केलेली जमीन, आणि तिच्यावर पिवळसर पांढरी रसाळ फुलं. एक-एक फूल वरून सुटतं, जमिनीवर आपटतं, टप्प होतं. मी कोणाच्या तरी वांझ म्हशीची हकिकत सांगत होते. मग थांबायची वेळ आली, आम्ही सगळे थांबलो. आणि नाल्याकडून चितळ ओरडलं.

ते ओरडणं शिट्टीसारखं असतं, बारीक आणि टोकदार. काही दिसल्याशिवाय चितळ तसं ओरडत नाही. आम्ही सगळे वाकलेले होतो ते ताठ उभे राहिलो. शकुननं टोपली पोटाशी धरली. आणि हे, टोपली कमरेवर घेऊन, आरामात, नाल्याकडच्या झाडाखाली जास्त फुलं दिसली म्हणून तिकडं चालले होते. एकटे. त्यांची चाल जराही बदलली नव्हती.

"भाऊजी, थांबा." दिवाकरचा आवाज जाड आहे. तो त्यांनी ऐकला. वळून हसले.

"काय झालं?"

"चितळ बोललं नाई काय."

"कवा?"

आणि नेमकं तेव्हाच ते पुन्हा ओरडलं. आम्हा सगळ्यांच्या माना एकदम नाल्याकडं फिरल्या. ह्यांची नाही फिरली. ते दिवाकरच्या तोंडाकडं बघत होते, त्यानं उत्तर द्यावं म्हणून. उत्तर त्यांच्या पाठीमागून येऊन, त्यांच्या अंगावरून जाऊन, आमच्यापर्यंत पोचलंही होतं.

मी धावले. ह्या वयात कोणी धावतं तशी. जाऊन त्यांचा हात धरला, चारचौघांत, भावासमोर. दिवाकरनं आणि बाकीच्यांनी टोपल्या बडवल्या, आरडाओरडा केला. नाल्यातून काही बाहेर आलं नाही. आम्ही एकमेकांना धरून गावाकडं आलो. वाटेत दिवाकर माझ्या शेजारी चालत होता. हळूच म्हणाला, "बाई, भाऊजीले ऐकू नाई येत काय?" मी म्हटलं, "तुझा आवाज येते ना." तो म्हणाला, "माहा तर गावाले येते."

दुपारी फुलं अंगणात वाळत घातली. शेणानं सारवलेल्या अंगणात पसरली की संध्याकाळपर्यंत ती तांबूस व्हायला लागतात, मग मनुक्यासारखी आखडतात. आम्ही दोघं हातानं त्यांना उलटी-सुलटी करत होतो. शकुन आत मोहाच्या लाडवांसाठी तीळ भाजत होती. मग हे फुलांकडं बघतच म्हणाले, "मंजूची माय, त्या दुसऱ्या भागाच्या शेवटी ते बारीक व्हायोलिन आहे काय?"

"आहे."

"पुरं?"

"पुरं. तुमी बटन दाबता ना, त्याच्यानंतरबी लय दूर जाते."

त्यांनी मूठभर फुलं उचलली, पुन्हा पसरली.

"म्हंजे फाईल बरोबर आहे."

"हाव."

"अन् तो घाईवाला गाते म्हनत होती तू."

"गाते. बेसूर गाते, पन गाते."

त्यांनी थोडं हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "ट्वीटर गेला माहा." दुकानवाल्यासोबत आयुष्य काढल्यावर मला हे शब्द कळतात. स्पीकरच्या पेटीत दोन गोळे असतात, मोठा जाड आवाजाचा आणि लहान बारीक आवाजाचा, तो ट्वीटर. लहान गेला तर पेटी बंद पडत नाही. बोलत राहते, फक्त गोधडी पांघरून बोलल्यासारखी. लोकांना वाटतं रेडिओ स्टेशनचीच चूक आहे. ह्यांनी किती जणांचे ट्वीटर बदलून दिले असतील. तो माणूस आता अंगणात बसून स्वतःची तपासणी करत होता, आणि बदलून द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं.

मला तेव्हा वाघाची भीती वाटली नाही एवढी एका दुसऱ्याच गोष्टीची वाटली. ह्या माणसाला देवधर्म नाही, पत्त्यांचा नाद नाही, पारावर जाऊन बसणं नाही. ऐकणं एवढंच त्यांचं. तेच गेलं तर ह्यांनी दिवसभर करायचं काय, आणि मी त्यांच्या तोंडाकडं कसं बघायचं.

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं एक काचेची खोली असते. आत बसवून कानाला हेडफोन लावतात, हातात बटण देतात आणि सांगतात, आवाज आला की दाबा. मी बाहेर काचेला लागून उभी होते. त्यांनी डोळे मिटले. तेच तोंड, सिंफनी ऐकतानाचं, अगदी तेच. अंगठा बटणावर तयार. सुरुवातीला अंगठा हलला, हलला, मग हलेनासा झाला. ते वाट बघत बसले होते, मन लावून, आणि बाहेर कान तपासणाऱ्या पोरीच्या समोरची मशीन एकामागून एक सूर सोडत होती हे मला तिच्या बोटांवरून दिसत होतं. मी तिकडं पाठ केली आणि भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले.

वयाचं आहे, डॉक्टर म्हणाले, आणि कानाची मशीन दिली. ती लावून घरी आल्या आल्या ह्यांनी सिंफनी लावली. थोड्याच वेळात बंद केली. व्हायोलिन पत्र्यावर घासणी फिरवल्यासारखं येतं, म्हणाले. मशीन बोलण्यासाठी बनवलेली आहे, बाजासाठी नाही, हे डॉक्टरनंही सांगितलं होतं. पण आशा असतेच. त्यांनी मशीन कपाटात ठेवली, डबीवर फडकं टाकलं. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या घरात काही वाजलं नाही. मला पहिल्यांदाच शेजाऱ्यांचा मिक्सर, वरच्यांची मोटर, रस्त्यावरचे भोंगे ऐकू यायला लागले. मी नेहमीपेक्षा जास्त बोलायची. ते "हाव, हाव" म्हणायचे, आणि मी काय विचारलं ते त्यांना कळलेलं नसायचं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आज जेवायला दगड करू काय?" "हाव," म्हणाले. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी हसले आणि थोडी रडले.

मग एका दुपारी मी लवंडले होते, तर पलीकडून आवाज आला. घाईवाला. पोट भरलेला नाही, घाईवाला, पूर्ण वेगात. उठून बघते तर हे मागं रेलून बसलेले, कपाळावर एक आठी नाही, मशीन कानात नाही. सूर पकडायला ते आता पुढं वाकत नव्हते. जेवढं ऐकू येत होतं त्याच्या वरचं ते स्वतःच्या डोक्यातून घालत असावेत. बोटं मांडीवर चालली होती, आणि जिथं सनईची चुलतबहीण येते तिथं ती यायच्या जरा आधी भुवया वर गेल्या. एवढी वर्षं रोज ऐकलेलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्यांचा हात बटणाकडं गेला, आणि तिथं थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला काय सुचलं कोण जाणे, मी एक बोट वर केलं. व्हायोलिन चालू होतं तोपर्यंत ते वर धरलं. व्हायोलिन पातळ झालं तसं बोट हळूहळू खाली आणलं, आणि गेलं तेव्हा हात मांडीवर ठेवला. तोवर ते हललेसुद्धा नाहीत.

आता ती आमची पद्धतच झाली आहे. मी आमच्या घरची काडीवाली. पोट भरलेल्याच्या शेवटाला माझा हात दुखून येतो, पण कोणाला सांगायचं.

आणि ती मशीन. परवाची गोष्ट. मी अंबाडीची भाजी निवडायला बसले. निवडायला बसले म्हणजे बोलायलाही बसले, ते वेगळं सांगायला नको. हे सिंफनी ऐकून उठले, कपाटाकडं गेले, मशीन काढली, फुंकर मारून कानात घातली आणि माझ्यासमोर येऊन बसले. रोज असंच होतं हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.

मी म्हटलं, "तुमचं उलटंच आहे सारं. एवढ्या मोठ्या बाजाले मशीन काढून ठेवता, अन् माह्या बडबडीले लावता."

ते म्हणाले, "बाजा मले पाठ आहे. तू आता काय बोलशीन ते कोनाले मालूम?"

मी देठ खुडता खुडता थांबले. काही तरी उत्तर द्यायला हवं होतं. एवढ्या वर्षांत ह्या माणसाला मी एकाही वाक्याला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. पण काही सुचेना. मी तशीच बसून राहिले, भाजी हातात धरून.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कानातली मशीन काढली, तळहातावर उलटी केली, बोटानं टिचकी मारली आणि मला विचारलं, "बॅटरी गेली काय वं?"